नाव एकच हवे : शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्याची तयारी (लेखांक ३)

कृषी विभागाच्या परदेश अभ्यास दौऱ्यासाठी अर्ज कसा करायचा, निवड कशी होते, हे मागच्या लेखात पाहिले. त्यानंतर बुलडाणा जिल्ह्याच्या वेगवेगळ्या तालुक्यांतून जे फोन आले, त्यांतले बहुतेक एकाच कागदाबद्दल होते. अर्ज करायचा त्या दिवशी शेतकऱ्याकडे वैध पासपोर्ट पाहिजे, ही अट. "नंबर लागला की काढून घेऊ," असे अनेकांनी सांगितले. हा विचार आज मनातून काढून टाका, एवढ्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

२०२५-२६ च्या दौऱ्यासाठी प्रत्येक जिल्ह्याला पाच जागा होत्या. एक महिला शेतकरी, एक पुरस्कारप्राप्त शेतकरी आणि इतर तीन. आपल्या जिल्ह्यात तालुके तेरा. म्हणजे तालुक्याला एक जागासुद्धा येत नाही. निवड सोडतीने होते आणि सोडतीत नाव टाकायचे तर पासपोर्ट आधी हातात हवा. जाहिरात येते, मुदत थोडी असते, आणि तेवढ्या दिवसांत पासपोर्ट काढू म्हणणारा माणूस चिठ्ठी पडायच्या आधीच बाहेर जातो. शेतीत तो कितीही पुढे असो.

पासपोर्ट काढणे तसे अवघड नाही. सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, छत्तीस पानी पुस्तिकेचे दीड हजार रुपये भरायचे, तारीख घ्यायची, मूळ कागद घेऊन केंद्रावर जायचे. विदर्भाचे विभागीय पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे, पण अर्ज भरताना सोयीचे केंद्र निवडता येते. साठीच्या पुढच्यांना शुल्कात दहा टक्के सवलत आहे. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी बनावट संकेतस्थळे आहेत, ती जास्तीचे पैसे उकळतात, तेवढे सांभाळा. सही येत नसेल तर अंगठा चालतो. यात अडण्यासारखे काही नाही. माणसे अडतात ती स्वतःच्या नावाशी.

मागच्या वर्षी देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका शेतकरी बाईंकडे गेलो होतो. या भागात शेडनेटमधले भाजीपाला बीजोत्पादन घरोघर रुजले आहे. ताई पहाटे शेडमध्ये शिरतात, चिमट्याने मिरचीच्या कळ्या उघडून क्रॉसिंग करतात आणि ऊन चढल्यावर घरी येतात. बियाण्यात बाहेरच्या देशांनी काय केले ते एकदा डोळ्यांनी पाहायचे, ही त्यांची इच्छा. त्यांनी फळीवरचा डबा काढला, त्यातली कॅरीबॅग काढली आणि बाजेवर एकेक कागद मांडला. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, जन्म १ जून. आधार कार्डावर सासरचे नाव आणि जन्माचे नुसते साल. मतदार कार्डावर नावाला 'बाई' जोडलेले. सातबाऱ्यावर आडनावातली एक मात्रा गायब. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, ह्या चौघीतली मी कोणती?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला त्यांना दिवाळीपासून मार्चपर्यंतचा वेळ लागला.

१ जूनची गोष्ट नीट समजून घ्या, कारण पन्नाशी-साठीतल्या पिढीत ती जवळजवळ प्रत्येक घरात आहे. घरी जन्मलेल्या मुलाची नोंद कुठे नसायची. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोराच्या उंचीवरून वयाचा अंदाज बांधायचे आणि रजिस्टरात १ जून लिहून टाकायचे. त्यामुळे पोर वेळेत पहिलीत बसले, ही गुरुजींची मोठी मदत होती. पुढे आधार काढताना त्याच माणसाला जन्मतारीख विचारली आणि त्याने नुसते साल सांगितले, कधी तेही दोन-तीन वर्षांनी चुकवून. आता हे दोन कागद शेजारी ठेवले की केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला दोन माणसे दिसतात. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागतो. तुमच्या-माझ्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना, विमा पॉलिसी असे पर्याय आहेत. मात्र जो कागद द्याल, त्याच्याशी बाकीचे जुळले पाहिजेत. आधारवरची जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा, म्हणून सेतू केंद्रावर घाईत "काहीही टाक" म्हणू नका.

मग स्पेलिंग. वऱ्हाडात वानखडे आणि वानखेडे ही आडनावे शेजारी नांदतात, आणि एकाच घरातल्या दोन भावांची कार्डे दोन तऱ्हेची असतात. ज्ञानेश्वर हे नाव कोणी डी-एन-वायने सुरू करतो, कोणी जी-एन-वायने, आणि मतदार यादीत ते जे-एनने सुरू झालेले असते. विश्वनाथाला कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. शेगाव जवळ असल्याने आपल्याकडे गजानन घरोघरी, पण आधारवर गजानन असलेला माणूस सातबाऱ्यावर गजाननराव असतो. गावात हा मान आहे. विमानाच्या तिकिटावर मात्र ही वेगळी व्यक्ती ठरते. गटाचे तिकीट पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणे निघते, आणि एका अक्षराची दुरुस्ती करायची तर सगळ्या गटाचा आयोजक त्यात अडकतो.

आपली नाव लिहायची पद्धत तीन पदरी. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. काही जण तिन्ही शब्द एकाच रकान्यात भरतात आणि आडनावाचा रकाना कोरा राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने जाहीर केले की, पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असेल तर पर्यटक व्हिसा मिळणार नाही. तेव्हा आडनाव त्याच्याच रकान्यात लिहा.

बायकांबद्दल वेगळे लिहायलाच हवे. पाचपैकी एक जागा बाईची आहे आणि कागदांच्या बाबतीत सर्वांत मागे त्याच असतात. लग्नानंतर नाव बदलायचे, पण दाखला माहेरच्या नावाचा. कधी लग्नात नावही बदलले जाते, मग पहिला शब्दसुद्धा जुळत नाही. यावर लोकांचा समज असा की पासपोर्टसाठी सासरचे नाव सक्तीचे आहे. तसे नाही. माहेरच्या नावानेही पासपोर्ट निघतो, आणि २०१६ च्या डिसेंबरपासून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले जात नाही. सगळे कागद माहेरच्या नावाचे असतील तर ते मोडू नका. सगळे सासरच्या नावाचे करायचे ठरवले तर अर्धवट सोडू नका. आणि दाखल्यावरचे पूर्ण नावच वेगळे असेल, तर शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. त्याचा अर्ज ऑनलाईन करता येतो आणि तो कागद पुढे जन्मभर उपयोगी पडतो.

ताईंनी पुढे काय केले ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की एकच काम दोनदा करावे लागते. आधी राजपत्र. मग आधार, नाव आणि जन्मतारीख एकाच फेरीत. मग पॅन आणि बँकेचे पासबुक. सातबाऱ्यावरची लेखनातली चूक तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होते, तो अर्ज त्यांनी त्याच वेळी देऊन ठेवला. सगळ्यांत शेवटी पासपोर्ट. पासपोर्टपासून सुरुवात केली असती, तर नंतर आधार बदलल्यावर पासपोर्टही बदलावा लागला असता.

केंद्रावर आणखी एक गोष्ट घडली, जी शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. बोटांचे ठसे. काचेवर बोट ठेवले, हिरवा दिवा लागेना. पुन्हा ठेवले, पुन्हा नाही. चिमटा धरून आणि कापूस वेचून त्यांच्या तर्जनीची कातडी इतकी घासली होती की रेषाच उरल्या नव्हत्या. त्या बोट पदराला पुसत होत्या आणि मागच्या रांगेतले लोक बघत होते. शेवटी हात धुऊन, कोरडे करून, पाच-सहा प्रयत्नांनंतर ठसे उमटले. हीच परीक्षा युरोपच्या व्हिसाच्या वेळी पुन्हा होते. म्हणून ठसे द्यायच्या आधी आठ दिवस विळा, चिमटा, फवारणी यांपासून हात शक्य तितके दूर ठेवा, रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा, आणि त्या सकाळी हात स्वच्छ धुऊन जा. मेंदी लावू नका.

पोलीस पडताळणीत दोन अडचणी येतात. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब बुलडाण्याला किंवा खामगावला भाड्याने राहते आणि आधारवर गावचा पत्ता असतो. अर्जात सध्या जिथे राहता तो पत्ता द्यायचा असतो, हे विसरू नका. दुसरी, शेतवस्तीवर राहणाऱ्यांची. पोलीस गावातल्या घरी येऊन कुलूप बघून जातात आणि "मिळून आला नाही" असा शेरा पडतो. अर्ज दिल्यावर ठाण्यात जाऊन सांगून ठेवा, फोन चालू ठेवा, शेजारच्यांना कल्पना द्या.

दहावी न झालेल्यांच्या मनातली एक भीतीही दूर करतो. त्यांच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन तपासणी आवश्यक' असा प्रकार नोंदला जातो. हा नियम मलेशिया, आखाती देश अशा अठरा देशांत नोकरीला जाणाऱ्या कामगारांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. फिरायला किंवा अभ्यासाला जाणाऱ्याला परतीचे तिकीट आणि व्हिसा दाखवला की जाता येते. पन्नाशीच्या पुढे तर ही अट लागूच होत नाही.

मलकापूर, खामगावातल्या ज्या घरांतून माणसे हजला जाऊन आली, त्यांना यातले बरेच ठाऊक आहे. गावात असे कोणी असेल तर त्यांच्याकडे अर्धा तास बसा. लुंबिनीला गटाने जाणाऱ्या आपल्या बौद्ध बांधवांसाठीही दोन वाक्ये. नेपाळला पासपोर्टची सक्ती नाही, निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते. पंधरा ते पासष्ट या वयातल्यांना नुसत्या आधार कार्डावर मात्र जाता येत नाही, आणि नेमके तेवढेच घेऊन माणसे निघतात.

ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे, त्यांनी तो आज उघडून बघावा. तो दहा वर्षे चालतो, पण अनेक देश प्रवासाच्या वेळी निदान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. दौरा डिसेंबरात आणि पासपोर्ट मार्चमध्ये संपणार असेल, तर तो दौऱ्यासाठी संपल्यातच जमा.

ताईंना पासपोर्ट मिळाला. सोडतीत त्यांचे नाव निघाले नाही. पुढच्या वर्षी त्या पुन्हा अर्ज करणार आहेत, आणि आता त्यांना फक्त अर्जच करायचा आहे.

पुढच्या आठवड्यात व्हिसाच्या फाईलबद्दल, म्हणजे सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर, बँकेची उलाढाल आणि आयकर विवरणपत्र नसलेल्या शेतकऱ्याने काय जोडायचे याबद्दल लिहीन. तोवर घरातला कागदांचा डबा काढा, घरातल्या बाईचे सगळे कागद आधी बाजेवर मांडा आणि नावे अक्षरागणिक जुळवून बघा.