एक विमान, अनेक आडनावे

डी हॅव्हिलंड १२५, हॉकर सिडली १२५, बीचक्राफ्ट हॉकर १२५, ब्रिटिश एरोस्पेस १२५, रेथिऑन हॉकर ८००, हॉकर ९००एक्सपी. जुन्या विमानांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिराती चाळणाऱ्याला ही सहा वेगवेगळी विमाने वाटली तर नवल नाही. पण विमान एकच आहे. मालक बदलला की त्याचे आडनाव बदलले, एवढेच. १९६२ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा उडालेले हे दोन इंजिनांचे बिझनेस जेट पुढे सुमारे पन्नास वर्षे बनत राहिले. सोळाशेहून अधिक विमाने कारखान्यांतून बाहेर पडली. विमानाच्या एखाद्या आराखड्याला इतके आयुष्य क्वचितच लाभते, आणि प्रवासी विमानांहून कितीतरी लहरी असलेल्या बिझनेस जेटच्या बाजारात तर ते फारच दुर्मिळ.

डी हॅव्हिलंड हे नाव आपल्याकडे अनोळखी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते याच कंपनीच्या ‘पस मॉथ’ विमानातून. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने ‘डव्ह’ नावाचे दोन पिस्टन इंजिनांचे छोटे विमान काढले आणि ते जगभर खपले. कंपन्यांचे संचालक, राज्यपाल, तेलविहिरींचे अभियंते असा त्याचा उतारूवर्ग होता. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस डव्ह जुने दिसू लागले आणि त्याच्या जागी काय आणायचे, हा प्रश्न उभा राहिला.

कंपनीची तब्येत तेव्हा बरी नव्हती. जगातले पहिले प्रवासी जेट ‘कॉमेट’ हे तिचेच अपत्य. पण धातूला थकवा येऊन कॉमेटची धडे हवेतच फुटली आणि १९५४ साली ती विमाने जमिनीवर आणावी लागली. त्या धक्क्यातून कंपनी पुरती सावरली नाही. १९६० साली हॉकर सिडली समूहाने तिचा ताबा घेतला. अशा वेळी सरकारी ऑर्डर हाती नसताना, पदरचे पैसे घालून नवे छोटे जेट बनवायला घेणे हे धाडसच होते. धाडस होते म्हणून आराखड्यात मात्र कोणी धाडस केले नाही. या विमानाच्या दीर्घायुष्याचे एक कारण बहुधा तिथेच आहे.

त्या वेळी बाजारात होते काय? लॉकहीडचे ‘जेटस्टार’ चार इंजिनांचे, म्हणून महागडे. ‘सेबरलायनर’चा जन्म अमेरिकी लष्कराच्या गरजेतून झालेला. ‘लीअरजेट’ आणि फ्रान्सचे ‘फाल्कन २०’ अजून उडायचे होते. १३ ऑगस्ट १९६२ रोजी क्रिस कॅपर या चाचणी वैमानिकाने हॅटफील्डच्या धावपट्टीवरून नवे विमान हवेत नेले. आधी त्याचे नाव ‘जेट ड्रॅगन’ ठरत होते. कंपनीच्या तिशीतल्या ‘ड्रॅगन’ विमानांची ती आठवण. पण ते नाव चिकटले नाही. कंपनीच्या वहीतला अनुक्रमांकच पुढे चालला : वन-ट्वेंटी-फाइव्ह.

देखणेपणात ते लीअरजेटच्या जवळपासही येत नाही. लीअरजेटच्या अंगकाठीत लढाऊ विमानाची झाक होती. १२५ मात्र जाडजूड, पोटाळ. पण त्या पोटातच त्याची मेख होती. पंख धडातून आरपार नेण्याऐवजी धडाच्या खालून नेले होते. त्यामुळे केबिनच्या जमिनीत अडथळा आला नाही आणि आत सुमारे पावणेसहा फूट उंची मिळाली. मध्यम उंचीचा माणूस ताठ उभा राहून कोट काढू शकत असे. लीअरजेटमध्ये गुडघे आणि पाठ दोन्ही वाकवून शिरावे लागे. ज्याला दोन-तीन तास बसायचे आहे, त्या गिऱ्हाइकाला वेगाइतकीच ही उंची महत्त्वाची वाटते, हे अमेरिकेतल्या विक्रेत्यांना लवकर उमगले. एकूण विमानांपैकी निम्म्याहून अधिक उत्तर अमेरिकेत खपली.

आत उंची मिळाली, पण सामानाला बाहेर स्वतंत्र कप्पा राहिला नाही. बॅगा केबिनमध्येच, पुढच्या दाराजवळ रचाव्या लागत. ही गैरसोय दूर व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली.

पंखांवर बर्फ साचू न देण्याची व्यवस्थाही खास होती. बहुतेक जेट विमाने इंजिनातली गरम हवा पंखांच्या कडेतून फिरवतात. १२५ची इंजिने लहान. त्यांच्यातून हवा काढली की जोर कमी होणार. म्हणून अभियंत्यांनी युद्धकाळातली एक जुनी युक्ती काढली. पंखांच्या पुढच्या कडेला सूक्ष्म छिद्रांची धातूची पट्टी बसवायची आणि तिच्यातून ग्लायकॉलमिश्रित द्रव हळूहळू पाझरू द्यायचा. ओल्या कडेवर बर्फ धरत नाही. उड्डाणाआधी ती टाकी भरली आहे ना, हे पाहणे वैमानिकाच्या रोजच्या कामात आले. मॉडेलमागून मॉडेल आले तरी हा पाझर कायम राहिला.

इंजिनाची कूळकथा तर ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीच्या १२५ला ब्रिस्टल सिडलीची ‘व्हायपर’ टर्बोजेट इंजिने होती, प्रत्येकाचा रेटा सुमारे ३,००० पौंड. व्हायपर मुळात बनले ऑस्ट्रेलियाच्या ‘जिंदिविक’ या वैमानिकरहित विमानासाठी. जिंदिविकचे काम म्हणजे क्षेपणास्त्रांचे लक्ष्य होणे. जे पडायचेच आहे, त्याचे इंजिन टिकाऊ कशाला? म्हणून पहिल्या व्हायपरचे अपेक्षित आयुष्य अवघे दहा तास होते. मग कुणाच्या तरी ध्यानात आले की हे साधे, स्वस्त इंजिन जरा मजबूत केले तर चांगले चालेल. तसे केल्यावर ते ‘जेट प्रोव्होस्ट’ या ब्रिटिश प्रशिक्षण विमानात गेले. आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या पहिल्या ‘किरण’ विमानांतही व्हायपरच होते. भारतीय हवाई दलातल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्याच्यावर जेट उडवायला शिकल्या. आणि दहा तासांसाठी जन्मलेल्या त्या इंजिनाच्या जिवावर कंपन्यांचे अध्यक्ष अटलांटिकच्या दोन्ही काठांवर हिंडू लागले.

पहिल्या मालिकेतच १ए आणि १बी असे दोन फाटे होते. ए म्हणजे अमेरिकेसाठी, बी म्हणजे उरलेल्या जगासाठी. अमेरिकी विमान बहुधा बिनरंगाचे, बिनसजावटीचे जायचे. खुर्च्या, पडदे, रेडिओ तिकडे गिऱ्हाइकाच्या पसंतीने बसत. दुसरी मालिका ब्रिटनच्या शाही हवाई दलाने घेतली. ‘डॉमिनी’ या नावाची ही २० विमाने म्हणजे उडत्या शाळा होत्या. मागच्या भागात मेजा मांडून नकाशे, रडार आणि आकडेमोड यांच्या आधाराने मार्ग काढण्याचे धडे तिथे दिले जात. १९६५ साली दाखल झालेली डॉमिनी २०११ पर्यंत कामावर होती. या अवधीत नकाशे वाचून दिशा सांगणारा अधिकारी ही जातच हवाई दलांतून जवळजवळ नाहीशी झाली, पण शाळेचे विमान चालू राहिले.

धनिकांचे आणि सत्ताधाऱ्यांचे वाहन म्हटले की त्याच्याभोवती राजकारण येतेच. काँगोचे माजी पंतप्रधान मोईस चोंबे स्पेनमध्ये विजनवासात होते. ३० जून १९६७ रोजी ते भाड्याच्या १२५मधून जात असताना एका सहप्रवाशाने पिस्तूल काढले आणि विमान अल्जीरियाकडे वळवायला लावले. चोंबे तिथून परतले नाहीत. दोन वर्षांनी अल्जीरियातच, नजरकैदेत त्यांचा मृत्यू झाला. दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाने ‘मर्क्युरियस’ या नावाने ही विमाने घेतली होती. २६ मे १९७१ रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचा सराव करताना त्यांतली तीन विमाने एकामागोमाग एक केपटाऊनच्या डेव्हिल्स पीकवर आदळली. अकरा जण गेले. दोष विमानात नव्हता. ढग खाली उतरले होते आणि तिघेही एकाच्या मागे दोघे असे अंगाला अंग लावून उडत होते.

सत्तरीच्या दशकात विमानाला खरी धाप लागली. ६०० मालिकेत धड सुमारे तीन फुटांनी वाढवले, व्हायपरचा जोरही वाढवला. केबिन प्रशस्त झाली, आणि नेमके १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले. व्हायपर हे निव्वळ टर्बोजेट. आत येणारी सगळी हवा जाळून मागे फेकणारे, इंधनाला हावरे आणि आवाजाला कर्कश. त्यातच अमेरिकेत विमानतळांभोवतीच्या आवाजाचे नियम कडक होत होते. अमेरिकेतली विक्री सांभाळणाऱ्या बीचक्राफ्टशी केलेला करारही १९७५ साली संपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डन्सफोल्ड येथे चिनी पाहुण्यांना घेऊन निघालेल्या ६०० मालिकेतल्या विमानाच्या इंजिनांत टिटव्यांचा थवा शिरला. वैमानिक होते जॉन कनिंगहॅम, कॉमेटचे पहिले उड्डाण करणारे. त्यांनी विमान पुन्हा टेकवले, पण ते धावपट्टी ओलांडून हमरस्त्यावर गेले आणि एका मोटारीवर धडकले. विमानातले सगळे वाचले. मोटारीतले सहा जण मात्र गेले.

इथे विमान संपायला हवे होते. त्याच्या वयाची बरीचशी जेट विमाने याच सुमारास मागे पडली. १२५ला तारले ते अमेरिकेतल्या गॅरेट कंपनीच्या टीएफई ७३१ या टर्बोफॅन इंजिनाने. त्याच्या पुढचा मोठा पंखा बरीचशी हवा इंजिनाच्या गाभ्याबाहेरून मागे ढकलतो. त्यामुळे कमी इंधनात अधिक रेटा मिळतो आणि आवाजही बराच उतरतो. २८ जून १९७६ रोजी ही इंजिने लावलेले ७०० मालिकेचे विमान उडाले. धड ६००चेच, पण आता त्याला महासागर ओलांडण्याइतका दम आला. जुन्या १२५च्या मालकांनीही आपल्या विमानांची व्हायपर उतरवून गॅरेट चढवून घेतली. १९७७ साली ब्रिटनमधल्या विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि विमानाच्या नावापुढे ब्रिटिश एरोस्पेस आले.

२६ मे १९८३ रोजी उडालेले ८०० हे या घराण्यातले सर्वांत कर्तबगार अपत्य म्हणावे लागेल. समोरच्या सपाट काचांचे तुकडे जाऊन गोलाईदार काच आली. पंख लांबवले, पोटाखालची इंधनाची टाकी मोठी केली, कॉकपिटमध्ये घड्याळांच्या जागी पडदे आले. अमेरिकी हवाई दलाने विमानतळांवरची रेडिओ यंत्रे हवेतून तपासण्यासाठी ते घेतले. जपानने त्याला रडार आणि मोठ्या खिडक्या लावून समुद्रात हरवलेल्यांचा शोध घेण्याच्या कामाला जुंपले.

त्याच्या मजबुतीची परीक्षा मात्र कोणत्याही चाचणी विभागाने योजली नव्हती. ७ ऑगस्ट १९८८ रोजी बोत्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष क्वेट मसिरे ८०० मालिकेच्या विमानातून अंगोलाची राजधानी लुआंडाकडे निघाले होते. अंगोलाच्याच एका मिग-२३ने त्यांच्यावर उष्णतेचा माग काढणारी क्षेपणास्त्रे सोडली. पहिल्याने उजवे इंजिन गाठले आणि ते विमानापासून सुटून खाली गेले. दुसरे क्षेपणास्त्र त्या पडत्या, तापलेल्या इंजिनाच्याच मागे लागले. इंजिन धडाच्या शेपटीला, पंखांपासून दूर टांगलेले होते, हा इथे मोठाच फायदा ठरला. वैमानिकाने उरलेल्या इंजिनावर विमान कुइटोजवळ उतरवले. राष्ट्राध्यक्ष जखमी झाले, पण सगळे वाचले.

एवढी पुण्याई पाठीशी असताना ब्रिटिश एरोस्पेसने १९९० साली १००० हे आणखी लांब, प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने असलेले रूप काढले. कागदावर ते सर्वच बाबतींत सरस होते. बाजारात मात्र गिऱ्हाईक ८००च मागत राहिले. १००० अवघी ५२ विकली गेली आणि नव्वदीच्या दशकातच त्यांचे उत्पादन थांबले. मधल्या आकाराच्या विमानाचा भाव आणि खर्च ओलांडला, की घेणारा सरळ मोठ्या विमानाकडे जातो, हे गणित इथे चुकले.

१९९३ साली रेथिऑन या अमेरिकी कंपनीने हा सगळा व्यवसाय २५ कोटी पौंडांना विकत घेतला. जोडणी वेल्समधल्या ब्रॉटनहून कॅन्ससमधल्या विचिटाला गेली. विचिटा हे बीचक्राफ्ट, सेस्ना आणि लीअरजेटचे गाव. आता १२५ही तिथले रहिवासी झाले. गंमत अशी की पंख आणि धड पुढेही ब्रिटनमध्येच घडत आणि जहाजाने अमेरिकेला जात. ८००एक्सपी, मग पंखांच्या टोकांना उभे पंखोटे लावलेले ८५०एक्सपी, मग नव्या इंजिनांचे ९००एक्सपी अशी रूपे आली. भारतातल्या उद्योगसमूहांच्या आणि भाड्याने विमाने देणाऱ्या कंपन्यांच्या ताफ्यांत जी हॉकर दिसतात, त्यांतली बरीच याच पिढीतली. २००८च्या सुमारास आलेल्या ७५०मध्ये पोटाखालची टाकी काढून तिथे सामानाचा उबदार कप्पा केला. बॅगा अखेर केबिनबाहेर गेल्या.

शेवट म्हातारपणाने झाला नाही, कर्जाने झाला. २००७ साली गोल्डमन सॅक्सची गुंतवणूक शाखा आणि ऑनेक्स यांनी सुमारे ३.३ अब्ज डॉलर मोजून रेथिऑनची विमाने बनवणारी शाखा घेतली; तीच हॉकर बीचक्राफ्ट कंपनी झाली. त्या खरेदीचा मोठा भार कंपनीच्याच डोक्यावर बसला. दुसऱ्याच वर्षी मंदी आली. खासगी विमानाने फिरणारा अध्यक्ष म्हणजे उधळेपणाची मूर्ती, असे वातावरण अमेरिकेत झाले आणि ऑर्डरी आटल्या. शिवाय हॉकर ४००० या नव्या विमानावर कंपनीने वर्षानुवर्षे पैसा ओतला होता, तोही वसूल होईना. मे २०१२मध्ये हॉकर बीचक्राफ्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. बीजिंगच्या एका कंपनीला विकण्याची बोलणी ऑक्टोबरमध्ये फिसकटली आणि जेट विमानांचे उत्पादन बंद करण्याचे ठरले. प्रोपेलरची विमाने बनवणारा भाग तेवढा वाचला आणि बीचक्राफ्ट या नावाने पुन्हा उभा राहिला.

२०१४ साली तो भाग टेक्स्ट्रॉनने घेतला. टेक्स्ट्रॉनकडे सेस्ना आधीपासूनच होती, म्हणजे ज्या ‘सायटेशन’ने १२५ची गिऱ्हाइके वर्षानुवर्षे पळवली, तिचे माहेर. आज एखाद्या हॉकरचा मालक सुट्या भागांची मागणी नोंदवतो, ती याच प्रतिस्पर्ध्याच्या घरी.