रात्री जेवलो नाही, तरी सकाळी साखर कशी वाढते?



ऊसनोंदीला गट ऑफिसात येणारे सभासद हल्ली खिशातून रक्ताचा रिपोर्टही काढतात. "साहेब, रात्री नुसतं ताक पिऊन झोपलो, तरी उपाशीपोटी साखर १४० कशी?" प्रश्न रास्त आहे. उपाशीपोटी ती १०० च्या आत हवी. १२६ किंवा जास्त वारंवार आली तर मधुमेह समजतात. आम्ही डॉक्टर नव्हे. पण साखर कुठे साठते नि कुठे मुरते याच्याशी आमचा रोजचा संबंध, म्हणून समजून घेतलेली माहिती येथे देत आहोत.

यकृत, म्हणजे आपले लिव्हर, हे शरीरातले साखरेचे गोदाम होय. जेवणानंतर ते साखर साठवते आणि रात्री थोडी थोडी रक्तात सोडते, कारण मेंदूला झोपेतही साखर लागते. गोदामाचे दार लावण्याचा हुकूम इन्सुलिन देते. मात्र गोदाम लहान, सुमारे १०० ग्रॅम मावतील एवढेच. स्नायूंनाही पुरून उरेल इतकी आवक रोज होऊ लागली, की यकृत जादा साखरेची चरबी बनवते.

ही चरबी यकृतातच साचली की ते इन्सुलिनला जुमानत नाही. हुकूम येतो, पण दार उघडेच! म्हणून ताकावर झोपलेल्याचीही साखर पहाटे चढते. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की चरबी बनवण्याचा हुकूम तेवढा यकृत इमानेइतबारे पाळते. साखरेने चरबी, चरबीने पुन्हा साखर, असे हे रहाट चालू राहते.

हा रोग दारूनेच होतो हा समज चुकीचा आहे. माळकऱ्यालाही होतो. बहुधा दुखत-खुपत काही नाही, सोनोग्राफीत दिसतो. २०२१ साली केंद्र सरकारने दारूविना होणाऱ्या या रोगाचा मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला.

आता आपल्याला अवघड वाटेल ते सांगतो. साखरेतला निम्मा भाग ग्लुकोज, निम्मा फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावरच पडतो आणि त्याची चरबी लवकर होते. गूळ चालतो म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, गुळातही मुख्यतः हीच साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्याप्रमाणे साधारण आहाराच्या माणसाला दिवसाची वरची साखर ५० ग्रॅमच्या आत हवी. दोन चमचे घातलेले पाच कप चहा झाले की हिशेब जवळपास संपला! सवलतीची साखर घरात आली म्हणून चमचे वाढवू नयेत, असे कारखान्याचे नोकर असूनही आम्ही म्हणतो.

वजन ७ ते १० टक्के उतरले तर यकृतातली चरबी चांगली कमी होते; म्हणजे ८० किलोच्या गड्याने ६ ते ८ किलो. उपास करून एकदम नव्हे, बेताबेताने. प्लॉटवर फेरी मारायची तर मोटारसायकल घरी ठेवावी. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डोस परस्पर बदलू नये, आणि पुढच्या खेपेस सोनोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे.