पंच्याऐंशीव्या प्रश्नानंतर

एनक्लेक्स देऊन बाहेर आलेल्या मुलीला पेपर कसा गेला असं विचारलं, तर 'छान गेला' हे उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. पुढे पास झालेल्या मुलीही रडवेल्या होऊनच बाहेर येतात. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर ही परीक्षा द्यावीच लागते, मग शिक्षण तिथलं असो की मिरजेतलं. मी ती मुंबईच्या केंद्रावर दिली, आणि पुढे आयसीयूची नोकरी सांभाळून बऱ्याच जणींचा अभ्यास घेतला. बाहेर पडताना मन इतकं का खचतं, याचं उत्तर मला या परीक्षेच्या रचनेतच सापडलं.

आपल्याकडे जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगची शेवटची परीक्षा पास झालं की राज्याच्या परिषदेत नोंदणी होते. त्या परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर असतो आणि लिहाल तेवढे गुण मिळतात. एनक्लेक्स एप्रिल 1994 पासून संगणकावर होते आणि प्रत्येकीचा पेपर वेगळा असतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की थोडा सोपा. दर उत्तरानंतर संगणक तुमच्या क्षमतेचा अंदाज नव्याने मांडतो आणि जो प्रश्न तुम्हाला सुटण्याची शक्यता साधारण निम्मी असेल, तोच पुढे आणतो. म्हणजे उत्तम तयारी केलेली मुलगीसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत अडखळतच राहते. शाळेपासून पहिल्या पाचात आलेल्या मुलींना हे फार जड जातं.

प्रश्न किमान 85, जास्तीत जास्त 150, वेळ 5 तास. त्यातले 15 प्रश्न नुसते चाचपणीसाठी घातलेले असतात. त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळायला मार्ग नाही. दिलेलं उत्तर मागे जाऊन बदलता येत नाही. तुम्ही पात्रतेच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची 95 टक्के खात्री पटली की संगणक परीक्षा थांबवतो. त्यामुळे 85व्या प्रश्नानंतर स्क्रीन बंद झाली, तर त्याचे दोन्ही अर्थ निघतात. 150 पर्यंत गेलेल्या मुलीही पास होतात. तरीही केंद्राबाहेर सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'कितीला बंद झालं गं?'

पण खरा कस लागतो तो प्रश्नांच्या स्वरूपात. समजा, चार पेशंट आहेत. एकाला सीओपीडी आहे आणि ऑक्सिजन 90 टक्के दिसतोय. दुसऱ्याचा गुडघा काल बदललाय, वेदना दहापैकी आठ. तिसऱ्याची जेवणाआधीची साखर 190. चौथीचं थायरॉइडचं ऑपरेशन आज सकाळी झालंय आणि ती म्हणते, ओठांभोवती मुंग्या येताहेत. आधी कोणाकडे जाल? आकडे बघून हात सीओपीडीच्या पेशंटकडे वळतो. पण त्या आजारात 90 हा अपेक्षित आकडा आहे. मुंग्या मात्र रक्तातलं कॅल्शियम उतरल्याची खूण असू शकतात. त्यातून स्वरयंत्राचे स्नायू आखडले तर श्वासच अडेल. सगळ्यात साधी वाटणारी तक्रार सगळ्यात आधी पाहायची असते. एप्रिल 2023 पासून तर एकाच पेशंटचा केस पेपर उलगडत नेणारे सहा-सहा प्रश्नांचे तीन संच प्रत्येकीला सोडवावे लागतात.

आपल्या मुलींना हे येत नाही असं मुळीच नाही. तीस-चाळीस पेशंटच्या वॉर्डात एकटीने रात्र काढणारी सिस्टर हा निर्णय रोज घेते. पण तिला तसं कोणी विचारलेलं नसतं. 'आरएमओंना कळवलं' एवढं लिहून पुढे जायची सवय आपण तिला लावलेली असते. या परीक्षेत डॉक्टरांना कळवण्याआधी तू स्वतः काय केलंस, हे विचारतात. कोणतं काम मदतनिसावर सोपवायचं आणि कोणतं स्वतःच करायचं, हेही विचारतात. आपल्या वॉर्डात मावशी आणि नातेवाईक मिळून काय काय करतात, ते डोक्यातून बाजूला ठेवून उत्तर द्यावं लागतं. मला विचाराल तर हा अभ्यास अमेरिकेला न जाणाऱ्या मुलींनीही करावा इतका चांगला आहे.

परीक्षेनंतरची वाट पाहणं मात्र मला क्रूर वाटतं. संगणकाने निकाल तिथल्या तिथे काढलेला असतो. तो पुन्हा एकदा तपासला जातो, आणि परवाना देणारं राज्याचं नर्सिंग मंडळ तो कळवतं. अधिकृत निकालाला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. ज्या मंडळांची सोय आहे, तिथे दोन कामकाजाच्या दिवसांनी 7.95 डॉलर भरून अनधिकृत निकाल पाहता येतो. शुक्रवारी परीक्षा दिली, तर मध्ये शनिवार-रविवार येतात. या दिवसांत मुली जेवत नाहीत, झोपत नाहीत, आठवतील तेवढे प्रश्न पुस्तकात शोधत बसतात. माझ्याकडे शिकणारी सांगलीकडची एक मुलगी तर परीक्षेहून परतली त्याच रात्री ड्युटीवर उभी राहिली. सुट्टी मागायची सोय नव्हती. मध्यरात्री औषधं देताना प्रत्येक डोस दोनदा नव्हे, चार-चारदा तपासत होते, असं ती सकाळी म्हणाली.

मग कोणीतरी युक्ती सांगतं: परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरून बघ, पैसे घेतले नाहीत तर पास, घेतले तर नापास. हिच्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी कधीच शिक्कामोर्तब केलेलं नाही. फी 200 डॉलर आणि परदेशातल्या केंद्राचे वर 150, म्हणजे तीसेक हजार रुपये. छोट्या खासगी रुग्णालयांत कित्येक सिस्टर्सना महिन्याला एवढा पगार नाही. फी कापली गेली, की निकाल येण्याआधीच घरात सुतक पसरतं.

निकालात गुण नसतात. फक्त पास की नापास. नापास झालेल्यांना कोणत्या विषयात रेषेच्या वर, जवळ किंवा खाली होतो याचा तक्ता मिळतो, आणि 45 दिवसांनी पुन्हा बसता येतं. तो तक्ता जपून ठेवा. पुढचा अभ्यास त्याच्यावरूनच आखायचा असतो.

इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन मॅडमना माझी विनंती आहे: परीक्षा देऊन आलेल्या मुलीला निकाल येईपर्यंत नाइट लावू नका. आणि घरच्यांनो, तेवढे दिवस तिला निकालाचं विचारू नका. लागला की ती स्वतःच सांगेल.