कवडसा, 1:20

पावणेसात

गजर बंद करायला हात पुढे केला तर अंगठ्यावरची पट्टी निघून गादीला चिकटलेली. वास्तुकलेचा विद्यार्थी ओळखायचा असेल तर त्याची बोटं बघावीत. आमच्या डाव्या तर्जनीला कायम एक तरी चीर असते, कारण पोलादी पट्टी डाव्या हाताने दाबून धरायची असते आणि कटर कधी ना कधी पट्टीवर चढतोच.

खिडकीबाहेर मिट्ट काळोख आहे. जानेवारीत इथे, जर्मनीतल्या डेसाउला, सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. उगवतो म्हणजे तरी काय, ढगामागे कुठे तरी उजेड वाढतो. आज भोगी. घरी साडेअकरा वाजत आलेत, आजीच्या तिळाच्या वड्या एव्हाना थापून झाल्या असतील. मी पोहे करते. इथल्या आशियाई दुकानात जाडे पोहे मिळतात. कढीपत्ता मिळेलच असं नाही.

आठ

घरापासून कॉलेजपर्यंत वीस मिनिटांची चाल. वाटेत बाउहाउस या जुन्या कला-वास्तुकलेच्या शाळेची ती इमारत लागते. माझं कॉलेज तिच्या शेजारीच असल्यामुळे ती आता मला नाक्यावरच्या पोस्टासारखी झाली आहे. पहिल्या आठवड्यात मात्र मी रोज थांबून बघायचे. वाल्टर ग्रोपियसने बांधलेली ही इमारत 4 डिसेंबर 1926 रोजी उघडली. कार्यशाळेच्या बाजूला तीन मजले सलग काच. ती मूळची काच 1945च्या बॉम्बहल्ल्यात गेली, आजची काचेची भिंत 1976मध्ये पुन्हा उभारलेली. उन्हाळ्यात आत तापायचं आणि हिवाळ्यात गारठायचं, ही तक्रार मात्र पहिल्यापासूनची.

पुण्यात शिकताना ग्रोपियस हे नाव आम्हाला परीक्षेत टीप लिहिण्यापुरतं होतं. इथे आल्यावर मला वास्तुकार अच्युत कानविंदे आठवायला लागले. 1916 साली सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकला आणि 1945मध्ये हार्वर्डला जाऊन थेट ग्रोपियसच्या हाताखाली बसला. तोवर बाउहाउस बंद पडून बारा वर्षं झाली होती आणि ग्रोपियस अमेरिकेत प्राध्यापक झाला होता. परत येऊन कानविंद्यांनी आयआयटी कानपूर उभं केलं. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र सहलीला जाऊन पाहिलंच असेल तुम्ही, तेही त्यांचंच. आचऱ्याचा हा मुलगा कौलारू घरांच्या प्रदेशातून निघून सपाट छपराच्या गुरूकडे पोचला तेव्हा त्याने सोबत काय नेलं आणि काय घरीच ठेवलं, हे विचारायची मला फार इच्छा आहे. ते 2002मध्ये गेले.

साडेआठ

मॉडेलच्या कार्यशाळेत. आमचा या सत्राचा विषय एका ओळीचा आहे: एल्बे नदीच्या पूरमैदानाच्या कडेला एका माणसाला तासभर एकटं बसता येईल अशी खोली. जास्तीत जास्त 20 चौरस मीटर. विजेचा दिवा एकही नाही.

वर्गातल्या बहुतेकांनी काच काढली आहे. नदीकडे काच, आकाशाकडे काच, एकाने तर जमिनीतही. मी माजघर काढलंय. देवरुखजवळचं आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. ओटीवर ऊन, पडवीत सावली, आणि माजघरात दुपारीसुद्धा संध्याकाळ. तिथे उजेडाचा एकच मार्ग: छपरातलं एक काचेचं कौल. त्यातून पडणारा ताटाएवढा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकतो. मला ती खोली नको आहे. तिच्यातला काळोख हवा आहे, आणि तो कवडसा.

म्हणून 4 बाय 5 मीटरची खोली, जाड भिंती, वर 30 सेंटिमीटर जाडीचं सपाट छप्पर आणि त्यात 40 सेंटिमीटरचं एक चौकोनी भोक. एकास वीस मापाने खोली 20 बाय 25 सेंटिमीटर, भोक दोन सेंटिमीटर, छप्पर दीड सेंटिमीटर.

इथे सगळे फिनपापे वापरतात, लाकडाच्या लगद्याचा पिवळसर, हलका पुठ्ठा. तो कापायची युक्ती अशी की जोर लावायचा नाही. पहिला हात नुसती रेघ उमटवायचा, मग त्याच रेघेतून चार-पाच वेळा हलके फिरवायचं. जोर लावला की पातं तिरकं जातं आणि कड चेचते. पात्याचं टोक दर तासाला मोडून नवं काढायचं. मी कंजूषपणा करून तेच पातं दुपारपर्यंत चालवायचे, अंगठ्याची पट्टी ही त्याचीच फी. लेझरचं यंत्र आहे, पण त्याने कापलेली कड जळून तपकिरी होते. आतून बघायच्या मॉडेलला ती जळकी रेघ प्रत्येक कोपऱ्यात दिसत राहते.

अकरा

भिंती उभ्या राहिल्या. आता आतला रंग.

हे काम पुण्यात आम्ही कधी केलं नव्हतं. तिथे मॉडेल म्हणजे पांढरं, स्वच्छ, बाहेरून बघायचं. पण प्रकाशाची एक गंमत आहे: त्याला माप नसतं. तुळईचं मॉडेल वीसपट लहान केलं तर खऱ्या तुळईइतकी ती वाकत नाही, उगाच भक्कम वाटते. आवाजाचंही लहान मॉडेलमध्ये काही खरं नाही. प्रकाश मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यात तसाच वागतो जसा खऱ्या खोलीत वागेल. अट एवढीच की भिंती आणि जमीन खऱ्याइतकाच उजेड परतवणाऱ्या हव्यात. पांढऱ्या पुठ्ठ्यात काळोख होतच नाही, भिंती एकमेकींना उजेड फेकत राहतात. म्हणून मी मातीचा रंग पातळ गोंदात कालवून भिंतींना दोन हात दिले, आणि जमिनीला सारवणासारखा हिरवट काळपट. शेजारच्या टेबलावरच्या इराणी मुलीने वास घेऊन बघितला. नाही, शेण नाही, असं मी आधीच सांगून टाकलं.

बारा वीस

इथे या दिवसांत सूर्य सगळ्यात वर येतो तो साधारण या वेळेला. आज तो कुठे आहे ते देवाला ठाऊक. मी खोलीचे दिवे घालवते, मॉडेल टेबलावर ठेवते आणि मोबाइलचा टॉर्च चार मीटरवर स्टँडला लावते. जवळून लावला तर किरण पसरतात. सूर्याचे किरण समांतर येतात, तेव्हा जितकं लांब तितकं खरं. डेसाउ 51.8 उत्तर अक्षांशावर. जानेवारीच्या मध्याला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेएकवीस अंशांच्या आसपास. नव्वदातून दोन्ही वजा केले की भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर. कोनमापक लावून टॉर्च तिथे बसवला. भिंतीतल्या भोकातून डोळा आत लावला.

कवडसा नाही. छपराच्या भोकाच्या कडेवर एक पिवळी चिंधी चिकटलेली, बस. खाली सगळा काळोख.

कॉम्प्युटरवर मात्र तो तीन आठवडे पडत होता. जमिनीवर, नेमका, सुंदर. मी टॉर्च हलवला, मॉडेल फिरवलं, मग टॉर्चलाच दोष देऊन डबा उघडला.

सव्वा

घरी पावणेसहा. काकू फोन धरते, आजी माजघरात पाटावर. मी काचेच्या कौलाबद्दल विचारते.

“आजी, संक्रांतीच्या दिवसांत दुपारी ऊन कुठे पडतं गं?”

“कौलातनं? कणगीपाशी. जेवणं होईस्तो पाटाशी येतं. पाटावर आलं की मी भांडी घासायला घेते.”

“आणि दाराची रुंदी किती आहे?”

आजी उठली, हात लावून मोजलं. “दोन हात. आणि वर चार बोटं. तुझे आजोबा वाकून यायचे हो आत.”

आमच्या पिशवीत अशा वेळी एक जाड पुस्तक असतं, अर्न्स्ट नॉयफर्टचं. पुण्यात आम्ही त्याला न्यूफर्ट म्हणायचो. 1936मध्ये पहिल्यांदा निघालं, आणि दाराची रुंदी, पायरीची उंची, स्वयंपाकाच्या ओट्याची खोली, सगळं त्यात. हा नॉयफर्ट ग्रोपियसच्या कचेरीतला, बाउहाउसच्या इमारतीच्या कामावर राबलेला, हे मला इथे येऊन कळलं. त्यानेही माणसाचं अंगच मोजलं होतं. आजीचे दोन हात चार बोटं म्हणजे साधारण 98 सेंटिमीटर. लिहून घेतलं.

मग आजी म्हणाली, “अगो, तुला माजघर दिसतंय? मला इथे बसून माझा हात दिसत नाहीय, नि फोनात कणगी लख्ख दिसतेय.” बरोबर होतं. मोबाइलचा कॅमेरा काळोख दिसला की आपणहून उजेड वाढवतो. गेले तीन आठवडे मी कच्च्या मॉडेलांचे जे फोटो काढत होते ते सगळे असेच खोटे होते. फोटो काढण्याआधी बोट दाबून उजेड पक्का करायचा, हे मला शेवटी आजीने शिकवलं.

अडीच

तपासणी. आमच्या प्राध्यापिका बाईंचा नियम असा की आधी मॉडेल, मग बोलणं, लॅपटॉप सगळ्यात शेवटी. त्यांनी आत डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. काळोख आवडला, म्हणाल्या. मग लॅपटॉपवरचं चित्र बघितलं. मग परत मॉडेल.

“हा सूर्य कुठला आहे?”

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पडद्यावरच्या कवडशावर बोट ठेवलं. मी फाइलच्या सेटिंगमध्ये गेले. ठिकाण: पुणे, भारत. पहिल्या वर्षाला जी कोरी फाइल बनवली होती, तिच्यावरच मी सहा वर्षं सगळी कामं करतेय. माझ्या एल्बेकाठच्या खोलीवर तीन आठवडे पुण्याचा सूर्य तळपत होता, 50 अंशांवरून. वर्ग हसला. मीही हसले, नंतर.

गणित सोपं आहे, आणि म्हणूनच लाज वाटते. 50 अंशांनी येणारा किरण 40 सेंटिमीटरचं भोक ओलांडेपर्यंत 48 सेंटिमीटर खाली उतरतो. छप्पर 30 सेंटिमीटरचं, म्हणजे तो आत पोचतो. 17 अंशांनी येणारा जेमतेम 12 सेंटिमीटर उतरतो आणि भोकाच्या भिंतीवरच आपटतो. या छपरातून हिवाळ्यात कवडसा येणं शक्यच नाही.

“मग काय करणार?” बाईंनी विचारलं. भोक मोठं करू? “मग काळोख जाईल.” छप्पर पातळ करू? त्या काहीच बोलल्या नाहीत. मी मॉडेल हातात घेऊन दक्षिणेकडे कलतं केलं, टॉर्चच्या दिशेने, आणि आत उत्तरेच्या भिंतीवर एक चौकोन उमटला. छप्पर सपाट असण्यातच घोळ होता. त्याला उतार हवा होता.

चार

डोकं शांत करायला मास्टरांच्या घरांपर्यंत चालत गेले. पाइनच्या झाडांत ग्रोपियसने 1926मध्ये आपल्या शिक्षकांसाठी बांधलेली घरं, सगळी सपाट छपरांची. सपाट की उतरतं यावरून त्या काळात इथे अक्षरशः भांडणं झाली. बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फ भागात 1928च्या सुमारास समोरासमोर दोन वसाहती उभ्या राहिल्या, एक ब्रुनो टाउटची सपाट छपरांची, दुसरी मुद्दाम उतरत्या छपरांची. त्याला लोक छपरांचं युद्ध म्हणतात. ग्रोपियसचं स्वतःचं घर युद्धात पडलं आणि 1956मध्ये त्याच्याच तळघरावर कुणी तरी उतरत्या छपराचं साधं घर बांधलं. ते पाडून 2014मध्ये तिथे जुन्या घराची नवी आकृती उभी केली: तोच आकार, पण तपशील गाळलेला, खिडक्यांना धूसर काच. आठवण जशी पुसट असते तशी, असा बर्लिनच्या वास्तुकारांचा विचार. मला ते घर आवडतं, पण ते पाडलेलं उतरतं छप्पर मला बघायला मिळायला हवं होतं. ते कुणाचं तरी राहतं घर होतं.

बाउहाउसच्या सावलीत उतरतं छप्पर दाखवायचं म्हणजे वर्गात कुणी तरी कोकणातली सहल म्हणणार. म्हणू दे. माझ्याकडे 17 अंश आहेत.

सात ते दहा

छप्पर नव्याने. 35 अंशांचा उतार, दक्षिणेकडे. 35 आणि 17 मिळून 52. किरण आता छपराला जवळपास पुण्याच्याच कोनात भेटतो. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून जाडी केली, कडा तिरक्या कापल्या. तिरकी कड हाताने कापणं हे या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. दोन तुकडे वाया गेले. मधे वरण-भात खाल्ला. दहाला रात्रीची शांतता सुरू होते आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांना पट्टी टेबलावर आपटलेली ऐकू जाते, त्यामुळे शेवटचा भाग पलंगावर बसून, मांडीवर ठोकळा ठेवून.

अकरा चाळीस

दिवे बंद. टॉर्च 17 अंशांवर. उत्तरेच्या भिंतीवर कवडसा, जमिनीपासून दोन मीटरच्या जरा वर, बसलेल्या माणसाला मान उचलून बघावा लागेल असा. टॉर्च उचलून 61 अंशांवर नेला, म्हणजे जूनमधला सूर्य: कवडसा भिंतीवरून उतरून जमिनीवर आला. आमच्या माजघरात तो दुपारभरात जो प्रवास करतो, तो इथे सहा महिन्यांत करेल. हे मी ठरवलं नव्हतं.

बोट दाबून उजेड पक्का केला, फोटो काढला, आजीला पाठवला. तिथे पहाटेचे चार वाजून गेलेत, ती पाचला उठेल.

मग लॅपटॉप उघडून फाइलमधलं ठिकाण बदललं. तुम्ही वास्तुकलेचे विद्यार्थी असाल आणि परदेशात शिकत असाल, तर आज रात्री तेवढं एक तपासून झोपा.