मासळीचा हिशेब सरकारात कोण मांडतो?

आपल्या समाजात मूल हुशार निघाले की घरात दोनच नावे निघतात, डॉक्टर आणि इंजिनीअर. अलीकडे त्यात कॉम्प्युटरची भर पडली आहे. अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलाला तर "मग मास्तर होणार का?" एवढेच विचारतात. म्हणून आज या पानावर अशा एका नोकरीची माहिती देत आहे, जिचे नावही आपल्या बाजारपेठेत कोणी घेत नाही. ती म्हणजे मत्स्यव्यवसायाचा आर्थिक हिशेब मांडणाऱ्या सरकारी अर्थतज्ज्ञाची नोकरी.

कापडाच्या व्यापाऱ्याने मासळीवर का लिहावे, असे कोणी विचारील. माझे बरेच गिऱ्हाईक कोकणपट्टीतले आहे. बोटीचा हंगाम चांगला गेला तर लग्नाची खरेदी रोखीने होते, वाईट गेला तर वहीत चढते. बर्फवाला, डिझेलवाला, जाळी विणणारा, टेम्पोवाला, सगळ्यांचे पैसे त्याच दर्यातून येतात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून पुढे दाल्दी बांधवांच्या कित्येक पिढ्या याच धंद्यावर जगल्या. पण ज्या कागदावर या धंद्याचे भवितव्य ठरते, तो कागद तयार करणाऱ्यांत आपली मुले शोधून सापडत नाहीत.

हे कागद कसले, ते आधी पाहू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. ही ६१ दिवसांचीच का, नव्वदची का नाही, हा प्रश्न दरवर्षी बंदरावर निघतो. राज्याने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. पुढे पर्ससीन जाळ्यांचा वाद पेटला, तेव्हा भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. सोमवंशी यांची समिती बसली. तिच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच राहिला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरले. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. तिच्याहून लहान मासा पकडला तर गुन्हा.

यातल्या प्रत्येक निर्णयाने कोणाचे तरी घर चालले आणि कोणाचे तरी बसले. निर्णय बरोबर की चूक, हा वाद इथे नको. पारंपरिक मच्छीमारांची बाजू एक आहे, पर्ससीनवाल्यांची दुसरी, आणि दोन्हीकडे आपलेच लोक आहेत. मुद्दा एवढाच की आदेश निघाल्यावर आपण निवेदन घेऊन जातो, मोर्चा काढतो, आमदारांना भेटतो. आदेश निघण्यापूर्वी दोन-तीन वर्षे जे आकडे गोळा होतात, टिपणे तयार होतात, त्या वेळी आपले कोणी त्या टेबलावर नसते. सरकारात भावनेला एक दिवस मिळतो, आकड्याला पूर्ण फाईल मिळते.

आता हा अर्थतज्ज्ञ नेमके करतो काय? १९५४ साली स्कॉट गॉर्डन नावाच्या कॅनडाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. मत्स्य अर्थशास्त्राचा पाया त्या लेखाने घातला असे मानतात. त्याचे म्हणणे भिवंडी-मालेगावच्या माणसाला लगेच कळेल. शेजाऱ्याने चार माग टाकून पैसा मिळवला की गल्लीत आठ जण माग टाकतात. ग्रेचा भाव पडतो, आणि शेवटी सगळे जेमतेम खर्च काढून बसतात. समुद्रातही तसेच होते. जोवर एका बोटीला चार पैसे जास्त सुटतात, तोवर नवी बोट उतरतच राहते, आणि सगळ्यांचा नफा शून्यावर आल्यावरच हा ओघ थांबतो. फरक आहे तो एकच, पण फार मोठा आहे. माग कितीही वाढले तरी सूतगिरणी सूत काढीतच राहते. मासा मात्र स्वतःच स्वतःची पैदास करतो. आई-मासाच जाळ्यात आला तर पुढच्या वर्षी सूतच नाही.

एक साधा हिशेब मांडू. आकडे माझे, समजुतीसाठी घेतलेले. समजा जाळ्यात ५० ग्रॅमची दहा लहान पापलेटे आली. झाले अर्धा किलो. लहान मालाचा भाव किलोला ३०० रुपये धरला तर हातात १५० रुपये. तीच दहा पाण्यात सोडली, त्यातली सहा मेली किंवा दुसऱ्या माशांनी खाल्ली, चार वाढून ३०० ग्रॅमची झाली. माल झाला एक किलो दोनशे ग्रॅम. मोठ्या पापलेटचा भाव ९०० धरला तर १,०८० रुपये. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की लहान मासा पकडणारा वेडा आहे.

तो वेडा नाही. त्याचा प्रश्न असा की मी आज सोडलेले पापलेट उद्या माझ्याच जाळ्यात येईल याची हमी काय? ते शेजारच्या बोटीला मिळेल, नाहीतर गुजरातच्या बोटीला. खलाशांचा पगार तर मला आजच द्यायचा आहे. अर्थतज्ज्ञाचे खरे काम इथे सुरू होते. बंदी किती दिवस ठेवावी, जाळ्याचा आस केवढा असावा, बंदीच्या काळात खलाशाच्या घरी काय पोहोचवावे, परवाने कमी करायचे तर ज्याचा परवाना जाईल त्याला मोबदला कसा द्यावा. जीवशास्त्रज्ञ सांगतो मासा किती उरला. माणूस कसा वागेल, हे अर्थतज्ज्ञाला सांगावे लागते. ज्याने लहानपणी पहाटेचा लिलाव पाहिला, दलालाची आगाऊ उचल पाहिली, त्याला या विषयाचा अर्धा भाग घरीच शिकायला मिळालेला असतो. बाकी अर्ध्यासाठी परीक्षा आहे.

या नोकरीत शिरण्याची मोठी दारे दोन. पहिले भारतीय आर्थिक सेवेचे. ही सेवा १९६१ साली सुरू झाली. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, म्हणजे कलेक्टरची परीक्षा घेणारा तोच. अर्थशास्त्र किंवा त्याच्या जवळच्या ठरावीक विषयात पदव्युत्तर पदवी लागते. वय २१ ते ३०, इतर मागासवर्गीयांना तीन वर्षांची सवलत. लेखी परीक्षा १,००० गुणांची: इंग्रजी व सामान्य ज्ञान प्रत्येकी १००, अर्थशास्त्राच्या चार पेपरना प्रत्येकी २००. मुलाखत २०० गुणांची. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो, भत्ते वेगळे.

कटू गोष्टही सांगून टाकतो. जागा फार थोड्या निघतात, वर्षाला बहुधा दोन डझनांच्या आतच. २०२० साली तर या सेवेची एकही जागा नव्हती. म्हणून केवळ याच परीक्षेवर पाच वर्षे लावून बसू नये. रिझर्व्ह बँक, विद्यापीठाची नेट परीक्षा, यांचा अभ्यास बराचसा सारखा असतो, तोही बरोबर चालवावा. दुसरे असे की निवड झाल्यावर कोणत्या मंत्रालयात पाठवतील हे आपल्या हातात नसते. मासळीचे वेगळे मंत्रालय २०१९ पासून आहे, पण पहिली नेमणूक खतांत किंवा रेल्वेतही होऊ शकते. तिसरी गोष्ट भाषेची. हे पेपर इंग्रजीतच लिहावे लागतात. मी उर्दू माध्यमात शिकलो, मराठी बाजारात शिकलो आणि इंग्रजी मिलच्या बिलांवरून. बिलाच्या इंग्रजीने हा पेपर सुटत नाही. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाने बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून रोज एक पान इंग्रजीत लिहिण्याची सवय लावावी. विषय माहीत असतो, पण तीन तासांत लिहून होत नाही, आणि तिथेच आपली मुले मागे पडतात.

ज्याला फक्त मासळीतच काम करायचे आहे, त्याच्यासाठी दुसरे दार अधिक बरे. पण त्याचा निर्णय दहावीनंतरच घ्यावा लागतो, कारण बारावी सायन्स हवी. त्यानंतर मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी, बी.एफ.एस्‌सी. रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे आणि ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. नागपूर आणि उदगीर येथेही अशी महाविद्यालये आहेत. आपल्या दारातले शिरगाव सोडून मुले लाखो रुपये देऊन परराज्यात कसल्या कसल्या पदव्या घ्यायला जातात, याचे मला नवल वाटते. पदवीनंतर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था १९८९ पासून विद्यापीठाच्या दर्जाची आहे. तिथे मत्स्य अर्थशास्त्र या विषयात एम.एफ.एस्‌सी. होते. प्रवेश अखिल भारतीय परीक्षेने मिळतो.

तिथून पुढे कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची परीक्षा देता येते. त्यात निवड झाली की भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांत शास्त्रज्ञ म्हणून नेमणूक होते, मूळ पगार ५७,७०० पासून. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था त्यांपैकीच एक, तिचे केंद्र मुंबईतही आहे. देशात वर्षाला किती मासळी उतरली याचा जो आकडा वर्तमानपत्रात येतो, तो हीच संस्था काढते. तिची माणसे ठरावीक दिवशी ठरावीक बंदरांवर जाऊन बोटी आणि माल मोजतात आणि त्यावरून पूर्ण किनाऱ्याचा अंदाज बांधतात. बंदरावर वही घेऊन उभा असलेला तो माणूस पाहिला की आपले लोक त्याला कर वसूल करणारा समजून माल कमी सांगतात. मग पुढे तोच कमी आकडा आपल्याविरुद्ध उभा राहतो.

या संस्थांत प्रकल्पावर कंत्राटी मुलेही घेतात, ‘यंग प्रोफेशनल’ वगैरे नावाने. पगार बेताचा, नोकरी कच्ची. तरीही मी म्हणेन, घ्यावी. वर्ष-दोन वर्षांत मुलगा आकड्यांचे काम शिकतो आणि कोणत्या परीक्षेची जाहिरात कधी येते हे त्याला तिथे आपोआप कळते.

राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागात सहायक आयुक्त, विकास अधिकारी अशी पदे असतात. त्यांच्या अटी जाहिरातीत नीट वाचाव्यात. परवाने, डिझेल परतावा, अनुदान हे सगळे याच कचेऱ्यांतून जाते. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजना २०२० साली २०,०५० कोटींची जाहीर झाली, आणि तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले होते. आपल्या किती बांधवांनी त्याचा अर्ज भरला?

डिझेलवरून आठवले. जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानाचा करार जून २०२२ मध्ये जिनिव्हात ठरला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. त्या दिवशी भारत त्यात सामील नव्हता. बोटी व मासेमारी वाढवणाऱ्या अनुदानांवर वेगळी बोलणी झाली, तिथे भारताने विकसनशील देशांना २५ वर्षांची मुदत मागितली. अशा बोलणीत लहान मच्छीमार कोणाला म्हणायचे, त्याला किती डिझेल लागते, परतावा बंद झाला तर किती बोटी किनाऱ्याला लागतील, हे कोणीतरी आकड्यांत मांडून द्यावे लागते. ते टिपण दिल्लीत बसलेला तीस वर्षांचा अर्थशास्त्राचा अधिकारी लिहितो. त्याने मिरकरवाडा किंवा सातपाटी पाहिलेली असेल तर टिपण वेगळे होते.

शेवटी कागदपत्रांबद्दल, कारण हुशार मुलेही इथेच अडकतात. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर ‘शेख मो.’, आधारवर ‘मोहम्मद’, पदवीवर आणखी तिसरेच. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कचेरीचे आपापले. अर्ज भरण्याच्या वेळी राजपत्रात नाव दुरुस्त करायला धावपळ होते आणि तारीख निघून जाते. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच पुढे सगळीकडे राहील, हे बापाने पाहावे. मोमीन-जुलाहा यांच्यासारख्या काही बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, पण राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. केंद्राच्या नोकरीला केंद्राच्याच नमुन्यातला दाखला लागतो आणि त्यासोबत उन्नत गटात नसल्याचेही प्रमाणपत्र लागते. २०१७ पासून त्याची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२ च्या डिसेंबरात बंद केली, तेव्हा पीएच.डी.चा खर्च तिच्यावर धरून चालू नये. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

दहावी-बारावीचे निकाल लागतात त्याच सुमारास बोटी बंदीमुळे किनाऱ्याला असतात आणि बापाला थोडी फुरसत असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नावाची दुरुस्ती, ही तिन्ही कामे त्याच दोन महिन्यांत तहसील कचेरीच्या फेऱ्या मारून उरकून घ्यावीत.