चूक किती बोलते?

‘प्रयत्न-प्रमाद’ हा शब्द आपण सर्वांनीच अध्यापनाच्या अभ्यासक्रमात कधीतरी पाठ केला आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली भुकेल्या मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर पेटीत कोंडलेले. योग्य दोरी ओढली की दार उघडे आणि बाहेरचे खाणे मिळे. मांजर ओरबाडे, चावे, आणि केव्हातरी दोरी ओढली जाई. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर सुटायला लागणारा वेळ कमी होत गेला, पण सावकाश. फसलेल्या धडपडीतून मांजराला एवढेच कळे, की दार उघडले नाही. काय बदलायला हवे, हे पेटी सांगत नव्हती.

माणसांनाही कधीकधी अशाच मुक्या चुकांशी झगडावे लागते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. नव्या औषधांसाठी तेथे मातीतल्या सूक्ष्मजीवांचाही शोध घेतला गेला. अशा शोधाची रीत साधी आहे. माती पाण्यात कालवून पोषक थरावर पसरायची, उगवलेली एकेक वसाहत वेगळी वाढवायची आणि तिच्या शेजारी रोगजंतू किंवा बुरशी तग धरते का, ते पाहायचे. बहुतेक वसाहती निरुपयोगी ठरतात आणि पुढची कोणती घ्यावी, हे सांगत नाहीत. येथे उपयोगी पडतात त्या तीनच गोष्टी : भरपूर नमुने, सर्वांना एकच कसोटी आणि काटेकोर नोंद. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले हॅमायसिन हे बुरशीनाशक १९६१ साली जगापुढे आले. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाचे नाव ठेवले गेले स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना!

आता याच पट्ट्यात, भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या लहान कारखान्यात डोकावू. लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा कातायचा आहे. कारागीर पहिला नग काढतो आणि मायक्रोमीटरने मोजतो. माप भरते २५.०६. तो हत्यार ०.०३ मिलिमीटर आत घेतो. दांडा फिरत असल्यामुळे व्यास त्याच्या दुप्पट कमी होतो. दुसरा नग बहुधा मापात येतो. ही चूक बोलकी आहे. ती किती चुकले हे सांगते आणि कोणत्या बाजूला चुकले हेही सांगते.

म्हणजे नुसत्या चुका करून कोणी शिकत नाही. चुकीतून किती माहिती परत येते, यावर शिकण्याचा वेग ठरतो.

वर्गात हे करून पाहता येईल. दोऱ्याला एक नट बांधून लंबक करायला द्या. अट एकच : दहा आंदोलने दहा सेकंदांत झाली पाहिजेत. सूत्र सांगू नका. ४० सेंटिमीटर लांबीला सुमारे १२.७ सेकंद लागतील, २० सेंटिमीटरला सुमारे ९. मुले आपोआप या दोहोंच्या मध्ये शोधू लागतील आणि २५ सेंटिमीटरच्या आसपास येऊन थांबतील. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फसलेला आकडा खोडायचा नाही, एवढे मात्र बजावून सांगा. खोडरबराने पुसली जाते ती चूक नव्हे, पुढच्या प्रयत्नाची दिशा!

आता आपल्या लाल पेनाकडे पाहू. गणितावर मारलेली फुली म्हणजे थॉर्नडाइकची पेटी : दार उघडले नाही, एवढेच ती सांगते. ‘तिसऱ्या पायरीपर्यंत बरोबर, तेथे चिन्ह तपास’ हे शब्द म्हणजे मायक्रोमीटर. साठ वह्यांत असे लिहिणे अवघड आहे, हे कोणता शिक्षक नाकारील? पण रोज पाच वह्या तरी अशा तपासता येतात.

हाच नियम शिक्षकाच्या स्वतःच्या सुधारणेलाही लागू आहे. ‘आजचा पाठ जमला नाही’ ही नोंद मुकी. ‘घनतेच्या उदाहरणात एकके बदलताना निम्मा वर्ग अडला’ ही बोलकी. पाठटाचणाच्या समासात अशी एक ओळ रोज लिहिली, तर पुढच्या वर्षी तोच पाठ घेताना कोठे हात घालायचा, हे शोधत बसावे लागणार नाही.