जखमी माणूस आणि विम्याचे कवच

विमा असला म्हणजे जखमी माणूस वाचतो का, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर तात्काळ 'हो' असेच येईल. अमेरिकेत हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे, आणि त्यातून निघालेले उत्तर थोडे निराळे आहे.

मोटारीखाली सापडलेला मनुष्य इस्पितळाच्या दाराशी आला की, त्याच्या खिशात काय आहे हे न पाहता त्याला तपासलेच पाहिजे व त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे, असा तिकडे १९८६ पासून कायदा आहे. परंतु बिल कोण भरणार, आणि मोडलेला पाय सांधल्यावर त्याला पुन्हा चालायला कोण शिकवणार, याविषयी तो कायदा मौन पाळतो.

गरिबांसाठी 'मेडिकेड' ही सरकारी योजना होती. पण मुलेबाळे नसलेला, धडधाकट, गरीब तरुण तीत सहसा बसत नसे. अपघातांत नि मारामाऱ्यांत जखमी होणाऱ्यांमध्ये भरणा तर अशाच तरुणांचा! ओबामांच्या कारकिर्दीत २०१० साली झालेल्या कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना योजनेचे दार उघडले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोपवला. त्यामुळे अभ्यासकांना आयतीच तुलना मिळाली. मिसिसिपी नदीच्या पूर्वतीरावरील इलिनॉयने २०१४ मध्ये योजना वाढवली. पश्चिमतीरावरील मिसूरीत ते व्हायला २०२१ उजाडले.

ही तुलना मोलाची का? विमेदार आणि बिनविम्याचे जखमी नुसते शेजारी मांडले, तर बिनविम्याचे अधिक दगावलेले दिसतात. पण त्यात एक खोच आहे. तिकडे पुष्कळ गरीब रुग्णांचा मेडिकेडचा अर्ज खाटेवरच भरून घेतात. जो आठ दिवस जगला त्याचे नाव योजनेत चढते. जो तासाभरात गेला तो कागदोपत्री बिनविम्याचाच राहतो. म्हणजे विमा होता म्हणून जगला असे नव्हे, जगला म्हणून विमेदार झाला! राज्याराज्यांची तुलना केली की हा घोटाळा बराचसा टळतो.

ती केल्यावर दिसले असे की, विस्तार केलेल्या राज्यांत बिनविम्याचे जखमी स्पष्टपणे घटले. इस्पितळातील मृत्यूंत मात्र बहुतेक अभ्यासांना मोठा फरक आढळला नाही. फुटलेल्या प्लीहेतला रक्तस्राव विम्याचा कागद पाहून थांबत नाही; तिथे इस्पितळ किती दूर, रक्त किती हाताशी, यालाच महत्त्व. फरक पडला तो पुढे. पुनर्वसन-केंद्रांत जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. तिथे साधारणतः रोज तीन तास रुग्णाकडून व्यायाम करवून घेतात. मेंदूला मार लागलेल्या गवंड्याला चमचा धरण्यापासून जिना चढण्यापर्यंत सारे नव्याने शिकायचे असते. पैसे भरणारा कोणी नसला, तर अशी केंद्रे दार उघडतीलच असे नाही. १९८६ चा कायदा त्यांना लागू नाही. मग तो गवंडी तसाच घरी जातो आणि त्याची बायको कामावरचे खाडे मोजू लागते. मृत्यूंची मोजदाद सोपी, म्हणून अहवालांत तीच आधी येते. हा संसार त्या तक्त्यात मावत नाही.

२०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने या नव्या लाभार्थींना दरमहा ८० तास कामाची अट घातली आहे. आजाऱ्यांना सूट आहे, परंतु ती सिद्ध करावी लागेल. शिवाय अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांचा खर्च योजनेतून मिळत असे, तो २०२७ पासून त्यांच्यापुरता एकाच महिन्याचा मिळणार आहे. सहा आठवडे बेशुद्ध पडलेल्या माणसाचा अर्ज वेळेत कोणी भरायचा, हा प्रश्न आता इस्पितळांपुढे आहे.